दुरुस्तीला आलेली २०१४ ची पल्सर १५०: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर मी साताऱ्यात २०१४ सालची बजाज पल्सर १५० विकत घेतली. गाडी चालू होती, पण तिच्यात ‘थोडे काम आहे’ असे विकणाऱ्याने आधीच सांगितले होते आणि ते थोडे काम दोन हजारांचे आहे की पंधरा हजारांचे, हे शोधण्यात माझा बराच वेळ गेला. आता पावसाळा तोंडावर आला आहे. या काळात गाडीने रोज सातारा-कोरेगाव अशी ये-जा केली आहे आणि सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंतही ती बऱ्याचदा गेली आहे. त्यामुळे अशी दुरुस्तीची गाडी घ्यावी की नाही, याबद्दल आता अंदाजाने नव्हे तर खर्चाच्या वहीकडे पाहून लिहिता येते.

प्रथम पर्याय काय होते ते सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाड्यांचे भावही त्या प्रमाणात उतरायला हवे होते. पण विकणारे बहुतेक जण अजून आधीच्या किमतीतच अडकलेले दिसले. एका कन्सल्टंटकडे (जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे) याच सालची, याच मॉडेलची, रंगरंगोटी करून चकचकीत केलेली गाडी ५२ हजारांना होती. मी घेतली ती गाडी मळकट होती, टाकीवर ओरखडे होते आणि तिची मागणी ३६ हजारांची होती. माझे स्पष्ट मत असे की ओरखडे असलेली गाडी तपासायला सोपी असते. नव्या रंगाखाली वेल्डिंग आहे की नाही हे बाहेरून कळत नाही आणि वॉशिंगच्या फवाऱ्याने धुतलेल्या इंजिनावरून तेल कुठून झिरपते हेही कळत नाही.

पल्सरच का, याचे कारण सुट्या भागांत आहे. २००१ मध्ये बाजारात आलेली ही गाडी इतक्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आहे की तिचे स्पेअर कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात आणि ती उघडून जोडता न येणारा मिस्त्री शोधून सापडणार नाही. ज्या मॉडेलचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली आहेत आणि ज्याचे भाग मागवावे लागतात, अशा गाडीला पुढचे काहीही लागू होत नाही. तिथे दोनशे रुपयांच्या भागासाठी गाडी तीन आठवडे उभी राहू शकते.

आता मुख्य मुद्दा. दुरुस्तीची गाडी पाहताना काय बिघडले आहे याची यादी सगळेच करतात. पण ते बिघडलेले ठेवून गाडी किती काळ चालवली, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. माझ्या मते निर्णय त्यावरच घ्यायला हवा. बिघडलेल्या भागाची किंमत दुकानात लिहिलेली असते. दुर्लक्षाची किंमत शेजारच्या भागांत लपलेली असते. चेनचे उदाहरण घ्या. सैल चेन वेळेवर ताणली तर खर्च जवळजवळ शून्य. तशीच महिनोन्‌महिने चालवली की स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे) दात आकड्यासारखे वाकतात, मागच्या चाकाच्या हबमधली रबरे झटक्यांनी चिरडतात आणि पुढचे स्प्रॉकेट ज्या शाफ्टवर बसते त्याच्या खाचाही झिजू लागतात. पहिल्या दोन गोष्टी अडीच हजारांच्या आत मिटतात, तिसरीसाठी इंजिन उघडावे लागते. पुढच्या शॉकअपच्या ऑइल सीलचेही (तेल आत राखणाऱ्या रबरी कड्याचेही) तसेच आहे. सील गळणे हा किरकोळ दोष आहे, पण ते तेल ओघळत डिस्क आणि ब्रेक पॅडपर्यंत पोहोचले तर प्रश्न पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

माझ्या गाडीची चेन तपासण्यासाठी, मी पाहायला जाताना सोबत नेलेल्या मिस्त्रींनी कव्हर सोडवून मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांनी धरून ओढली. ती अर्ध्या दातापेक्षा जास्त उचलली गेली, म्हणजे चेन किट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) संपले होते. पण पुढचे स्प्रॉकेट हाताने हलवले तेव्हा ते शाफ्टवर घट्ट होते. तेवढ्या एका गोष्टीवरून त्यांनी सांगितले की आधीच्या मालकाने दुर्लक्ष केले आहे, पण फार जुने नाही. पुढची सगळी तपासणी या निदानाशी जुळत गेली.

गाडी पाहायला जाताना ती गार हवी, हे मी फोनवरच सांगितले होते. तरीही पोहोचल्यावर आधी इंजिनला हात लावून पाहिला, कारण काही जण ग्राहक येण्याआधी गाडी गरम करून ठेवतात आणि मग ना सकाळचा धूर दिसतो, ना सेल्फची दमछाक. गार इंजिन सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत आला आणि काही क्षणांत थांबला. त्यानंतर रेस वाढवून पाहिली तरी धूर आला नाही. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. उभ्या गाडीत झिरपलेले तेल फक्त सुरुवातीला जळत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेली असतात. रेस वाढवताना आणि चढावर सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर यांचा संशय घ्यावा लागतो. पहिले काम इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, काढून होते, दुसऱ्यासाठी सिलिंडरचा ब्लॉक लेथवर जातो. खर्चात तिपटीचा फरक पडतो आणि त्याहून मोठा फरक असा की एकदा पूर्ण उघडलेले इंजिन पुन्हा कंपनीसारखे बसेलच, याची हमी कोणी देत नाही.

या पल्सरच्या इंजिनात दोन स्पार्क प्लग असतात आणि एक बंद पडला तरी गाडी चालत राहते, त्यामुळे तो दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. मिस्त्रींनी दोन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. एकाचे टोक मारी बिस्किटाच्या रंगाचे होते, म्हणजे तिथे ज्वलन व्यवस्थित होत होते. दुसऱ्यावर कोरडी काळी काजळी होती. ती काजळी बोटाला भुकटीसारखी लागली, तेलकट नव्हती. तेलकट असती तर मी तिथूनच परतलो असतो. दोष प्लगच्या कॅपमध्ये निघाला. ती तडकली होती आणि ठिणगी बाहेरच्या बाहेर उडत होती.

हँडलची तपासणीही प्रत्येकाने स्वतः करावी, तिला हत्यार लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मागे कोणाला तरी बसवून पुढचे चाक उचलायचे आणि हँडल एका बोटाने सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायचे. मध्यावर, म्हणजे चाक सरळ असताना, ते अडकल्यासारखे वाटले तर कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरते त्याच्या, वाट्यांना खड्डे पडले आहेत. माझ्या गाडीत तसे होते. हे काम स्वस्त आहे. त्याच वेळी हँडल दोन्ही बाजूंना ज्या स्टॉपरवर टेकते तो वाकलेला आहे का, गळ्याजवळ चेसिसला ताजा रंग आहे का आणि मागून पाहताना दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हेही पाहून घ्यावे. यांपैकी एकही खूण समोरून बसलेल्या धडकेची असेल तर किंमत कितीही कमी झाली तरी तो व्यवहार करू नये. इंजिन बदलता येते, वाकलेली चेसिस सरळ केली तरी गाडी पुन्हा सरळ रेषेत चालत नाही.

मीटरवरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नाही. डिजिटल मीटर बदलता येते. ब्रेक पेडलचे झिजलेले दाते, फूटरेस्टचे रबर आणि टायरवरचा चार आकडी कोड सहसा कोणी बदलत नाही. त्या कोडचे पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. मागच्या टायरला नक्षी उरली होती, पण कोड पाहता तो आठ वर्षांचा निघाला आणि बाजूने बारीक भेगा पडल्या होत्या, म्हणून तो खर्चाच्या यादीत गेला.

ती यादी घेऊनच मी किमतीची बोलणी केली. चेन किट, कोनसेट, शॉकअपची सील व तेल, मागचा टायर, क्लच प्लेटा, मागच्या ब्रेकचे लायनर, प्लग व कॅप, बॅटरी आणि मजुरी असे मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास होत होते. व्हॉल्व्ह सीलचे काम मी मुद्दाम वेगळे लिहिले. साधारण पद्धत अशी की दुरुस्तीचा अंदाज मागणीतून वजा करून तेवढ्यावर सौदा करायचा. मला ती अपुरी वाटते, कारण अंदाजात फक्त दिसलेले दोष येतात. मी अंदाजाच्या दीडपट रक्कम वजा धरली आणि त्यावर अडून राहिलो. विकणाऱ्यानेही ताणले, शेवटी २१ हजारांवर व्यवहार झाला. यादी कागदावर, भागांच्या किमतींसह लिहिलेली होती म्हणूनच ते साधले. नुसत्या तोंडी घासाघिशीत दोन हजारांपलीकडे कोणी उतरत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत माझी अट एकच होती: आरसीवर ज्याचे नाव आहे, तोच माणूस समोर हवा. दोन हात फिरून आलेली आणि मूळ मालकाच्या नावावरच राहिलेली गाडी स्वस्त मिळते, पण सहीसाठी कोणामागे धावायचे ते ठरत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण आरटीओला कळवायचे असते; त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात आणि कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ सुद्धा. आरसीवर विकणाऱ्याचे नाव राहिले तर अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याला ही गोष्ट समजावून सांगितली तर तोच सहीची घाई करतो. ई-चलन गाडीच्या नंबरावर असते, तेव्हा थकबाकी पैसे देण्याआधी ऑनलाइन पाहावी आणि ती त्याच्याकडूनच भरून घ्यावी. विमा फारसा जड नाही. ७५ ते १५० सीसी गटाचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला ७१४ रुपये आहे आणि १४९ सीसीची ही गाडी त्या गटात जेमतेम बसते. नोंदणीची मूळ मुदत १५ वर्षांची असते. २०१४ च्या गाडीला २०२९ मध्ये तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांना सामोरे जावे लागेल, हे धरूनच मी ही गाडी तीन-साडेतीन वर्षांसाठी घेतली आहे असे मानतो.

वापराबद्दल सांगायचे तर यादीतली कामे झाल्यावर गाडी बदलली. दोन्ही प्लग ठिणगी देऊ लागताच तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना होणारा अडखळलेपणा गेला आणि लिटरला ४५ किलोमीटरच्या आसपास सरासरी मिळू लागली. नवा कोनसेट बसल्यावर खड्ड्यांतून हँडलला येणारा खडखडाट थांबला. पुढचा डिस्क ब्रेक कासहून उतरताना भरवशाचा वाटतो. मागचा ड्रम मात्र बेताचाच आहे आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगवरच भर द्यावा लागतो.

यादीबाहेरचे खर्चही आलेच. शॉकअपची सील ज्या गॅरेजमध्ये बदलली तिथे विचारल्याशिवाय लोकल माल टाकला गेला आणि दोन महिन्यांत ती पुन्हा गळू लागली. दुसऱ्यांदा मी सील स्वतः दुकानातून ओरिजिनल आणून दिली. तेव्हापासून भाग मी आणायचे आणि मजुरी गॅरेजने घ्यायची, असे ठरवून टाकले आहे. उन्हाळ्यात बॅटरी वारंवार उतरू लागली, ती नवी असूनही. दोष रेक्टिफायरमध्ये (बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या भागात) होता आणि तो विक्रीच्या वेळी व्होल्टमीटर लावून चार्जिंगचे व्होल्टेज पाहिल्याशिवाय कळला नसता. इंजिनची रेस वाढवल्यावर बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. दोन मिनिटांचे हे काम तपासणीत घालावे असे मी आता प्रत्येकाला सांगतो. कार्बोरेटरचे रबर आणि पेट्रोलची नळीही बदलली. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर अकरा वर्षांपूर्वीची रबरे किती टिकतील, हे पाहत बसण्यापेक्षा चारशे रुपये घातलेले बरे वाटले.

सगळे धरून गाडी मला ३७ हजारांच्या आत पडली आहे. चकचकीत गाडीपेक्षा १५ हजार कमी आणि प्रत्येक बदललेला भाग कधी, कुठला टाकला हे माहीत आहे. ज्याला रोज वेळेवर कामावर पोहोचायचेच आहे आणि घरात दुसरे वाहन नाही, त्याने मात्र हा मार्ग धरू नये. पहिल्या दोन महिन्यांत माझी गाडी जितके दिवस गॅरेजमध्ये उभी होती तितके दिवस घरच्या स्कूटरने निभावले नसते तर हिशेब वेगळा झाला असता. ओळखीचा आणि विकणाऱ्याशी काहीही संबंध नसलेला मिस्त्री नसेल, तरीही घेऊ नये. त्याला गाडी पाहण्याचे पाचशे रुपये द्यावेत, फुकट नेऊ नये. फुकट आलेला माणूस भिडेपोटी ‘ठीक आहे’ म्हणतो.

सकाळचा निळा झोत अजून येतो. त्यात वाढ झालेली नाही. दोन ऑइल चेंजच्या दरम्यान तेलाची पातळी किंचित उतरते आणि मी ती दर पंधरवड्याला पाहून वहीत लिहितो. व्हॉल्व्ह सीलचे पैसे सौद्यातच बाजूला काढले होते, तेव्हा हेड उघडण्याचे काम पावसाळा संपल्यावर, टायमिंग चेनसह एकदमच करून घेणार आहे.