जुन्या कापसाच्या नव्या गाद्या: तालुक्यातल्या गादीघराचा अनुभव

लेकीचे सासू-सासरे मे महिन्यात पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे चार दिवसांच्या मुक्कामाला येणार असे ठरले, तेव्हा घरात पाहुण्यांसाठी वेगळी खोली नाही ही गोष्ट मला प्रथमच टोचली. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि घर जुने, कवेलूचे आहे. आजवर आलेला पाहुणा ओसरीवर बाज टाकून झोपत असे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. परंतु व्याही सत्तरीच्या घरातले, त्यांच्या कमरेचे दुखणे जुने, आणि दिवस उन्हाळ्याचे. म्हणून धान्याच्या कोठ्या ठेवण्याची दहा बाय बारा फुटांची खोली रिकामी करून ती पाहुण्यांसाठी लावायची आणि एकूण खर्च आठ हजारांच्या आत ठेवायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले. हा खर्च कसा वाटला गेला ते पुढे सांगतेच. पण त्यातला सर्वांत मोठा आणि मला सर्वांत योग्य वाटलेला भाग तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या गादीघराला गेला. हे लिखाण मुख्यतः त्या गादीघराच्या कामाविषयी आहे.

त्याआधी एक चूक आम्ही करून बसलो होतो, ती सांगणे आवश्यक आहे. तीन वर्षांपूर्वी मुलाने घरबसल्या मागवलेली, गुंडाळून खोक्यातून आलेली फोमची गादी आमच्याकडे होती. ३८०० रुपयांच्या त्या गादीचा वास जायला पंधरा दिवस लागले, हेही एक वेळ चालले असते. परंतु उन्हाळ्यात तिच्यावर झोपलेला माणूस पाठीखालून ओला होऊन उठत असे. याचे कारण समजण्यासारखे आहे. फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो आणि त्यावरचे पॉलिएस्टरचे कापड घाम जवळजवळ शोषतच नाही. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या आमच्या मुलखात या फरकाची जाणीव रात्रभर होत राहते. दुसऱ्या वर्षी त्या गादीला मधोमध खळगा पडला आणि फोम पिंजून पुन्हा भरता येत नसल्यामुळे ती गोठ्याशेजारच्या खोलीत गेली.

माळ्यावर मात्र तीन जुन्या कापसाच्या गाद्या पडून होत्या. त्यांतली एक माझ्या सासूबाईंच्या आंदणातली, आणि तिच्यातला कापूस त्यांच्या माहेरच्या शेतातला. तिन्ही दबून पाटासारख्या कडक झाल्या होत्या, खोळी फाटल्या होत्या, आणि खरे सांगायचे तर त्या टाकून द्याव्यात असेच मला वाटत होते. गादीघरात मी नवीन गादीचा भाव विचारायला गेले होते. तेथे काम करणारे वयस्क कारागीर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी घरी जुन्या गाद्या आहेत का असे आधी विचारले आणि मी हो म्हणताच वहीतला भाव दाखवण्याऐवजी म्हणाले, "बाई, तो कापूस फेकू नका. त्याले दोन दिवस ऊन दाखवा आन् घेऊन या, मंग नव्याचं पाहू." ज्या दुकानदाराला नवी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, १८० रुपये किलोने विकता आली असती, त्याच्याच माणसाने असा सल्ला दिला, याची नोंद मला पहिल्यांदा करावीशी वाटते.

आम्ही गाद्या उसवल्या, कापूस अंगणात ताडपत्रीवर दोन दिवस कडक उन्हात पसरला, आणि पोत्यांत भरून नेला. दुकानात माझ्यासमोर वजन झाले, ते २४ किलो भरले. पिंजल्यानंतर पुन्हा वजन केले तेव्हा २१ किलो ७५० ग्रॅम राहिले. सव्वादोन किलो धूळ, गाठी आणि सरकीचे तुकडे निघून गेले, आणि तो निघालेला केर त्यांनी वेगळ्या पोत्यात दाखवला. पिंजण्याआधी आणि पिंजल्यानंतर वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन, कारण या धंद्यात चांगला कापूस काढून त्याजागी चिंध्यांचा पिंजलेला माल मिसळण्याचे प्रकार होतात. भरलेल्या मालात रंगीत धाग्यांचे बारीक तुकडे दिसले तर तो कापडाच्या कातरणांपासून केलेला आहे असे समजावे. शंका असल्यास चिमूटभर माल काडीने पेटवून पाहावा. कापूस कागदासारखा जळून त्याची हलकी राख होते, आणि पॉलिएस्टर असेल तर ते वितळून त्याचा कडक मणी बनतो. मी ही परीक्षा दुकानातल्या नव्या रुईवरही करून पाहिली. ती शुद्ध निघाली, आणि चाचांनी त्याबद्दल राग मानला नाही.

आता पिंजण्याविषयी. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर पिंजारी खांद्यावर धनुष्यासारखे मोठे पिंजण घेऊन गावात येत, आणि त्याच्या तातीचा टणत्कार दिवसभर गल्लीत ऐकू येत असे. आज हे काम विजेच्या यंत्रावर होते. यंत्रात दाते असलेला रूळ कापूस ओढून मोकळा करतो. वेळ फार थोडा लागतो, पण जुना, ठिसूळ झालेला धागा त्यात तुटतोही. म्हणून आमचा कापूस चाचांनी घाई न करता थोडा थोडा यंत्राला दिला. सासूबाईंच्या गादीतला कापूस हातात घेऊन त्यांनी तो देशी असल्याचे लगेच ओळखले. देशी कापसाचा धागा आखूड आणि जाड असतो, त्यामुळे त्याला उत्तम सूत होत नाही, पण गादीत तो लवकर दबत नाही आणि पिंजला की पुन्हा फुलतो. आमच्या भागात आधी संकरित वाणे आली, २००२ नंतर बीटी, म्हणजे जनुकबदल केलेला, कापूस आला, आणि देशी कापसाची शेते दिसेनाशी झाली. त्यामुळे कोणाच्या माळ्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची गादी असेल, तर आज बाजारात सहज न मिळणारी वस्तू त्या घरात आहे. ती फोमच्या मोबदल्यात भंगारवाल्याला देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

मी एक मोठी गादी न करता सहा फूट बाय तीन फुटांच्या दोन गाद्या करून घेतल्या आणि हा निर्णय मला सर्वांत उपयोगी पडला. प्रत्येकीत ९ किलो रुई बसली. दोन पलंग जोडले की नवरा-बायकोची सोय होते, वेगळे केले की दोन बहिणी किंवा बाप-लेक मोकळेपणी झोपतात, आणि मुख्य म्हणजे ९ किलोंची गादी दोन बायका सहज उचलून उन्हात टाकू शकतात. कापसाची गादी उन्हात टाकावीच लागते, आणि १८ किलोंची गादी उचलायला गडी शोधावा लागत असेल तर ते काम पुढे ढकलले जाते. शेतकरी वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगते, १८ किलो रुई म्हणजे जवळजवळ अर्धा क्विंटल कापसातून निघणारा माल. तो आपल्या माळ्यावर फुकट पडलेला होता.

खोळीसाठी दुकानात तीन प्रकारचे कापड होते. मी निळ्या पट्ट्यांचे जाड सुती कापड घेतले, १०० टक्के सुती, ११० रुपये मीटर. चकचकीत फुलाफुलांचे कापड स्वस्त होते, पण ते पॉलिएस्टर मिसळलेले होते, आणि आत कापूस भरून वर असे कापड घातल्याने मूळ हेतूच फुकट गेला असता. शिलाई दाभणाने, दुहेरी दोऱ्याने, साधारण सहा-सहा इंचांवर टाके घालून केलेली आहे. टाके जितके जवळ तितका कापूस जागचा हलत नाही.

बिल असे झाले: २४ किलो पिंजाई ४० रुपयांप्रमाणे ९६०, दोन गाद्यांची शिलाई ७००, नऊ मीटर कापड ९९०, चार उशा कापडासह ४८०, एकूण ३१३० रुपये. ऑटोला २०० वेगळे. नवीन रुई घेतली असती तर केवळ गाद्यांच्या रुईलाच ३२४० रुपये लागले असते.

या कामात उणिवाही राहिल्या, आणि त्या सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. चार दिवसांत काम देतो असे सांगितले होते, प्रत्यक्षात नऊ दिवस लागले. लग्नसराईत आंदणाच्या गाद्यांची गर्दी असते हे मला मान्य आहे, पण तसे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. दुसरे असे की मी चार उशा सांगितल्या असताना उरलेला सगळा कापूस दोनच उशांत ठासून भरला गेला. प्रत्येक उशी पावणेदोन किलोंच्या वर गेली, आणि तिच्यावर मान ठेवली तर दगडावर ठेवल्यासारखे होत होते. परत नेल्यावर त्यांनी उसवून त्याच्या चार उशा करून दिल्या, त्या आता उत्तम आहेत, पण माझी एक फेरी फुकट गेली. तिसरी उणीव एका गादीच्या पायथ्याकडच्या टाक्यांची. तीन टाके सैल होते आणि पहिल्या आठवड्यातच तेथे कापूस सरकू लागला. ते त्यांनी पैसे न घेता पुन्हा घालून दिले. पावती मात्र मागितल्यावरच मिळाली.

उशांच्या ओघात सावरीच्या कापसाचाही उल्लेख करते. काटेसावरीची बोंडे उन्हाळ्यात फुटतात आणि तो रेशमासारखा मऊ कापूस रानातून गोळा करून आणणारी माणसे आमच्याकडे अजून आहेत. त्याची उशी फार हलकी आणि थंड असते. तो पिंजावा लागत नाही, पण धागा इतका निसरडा असतो की साध्या कापडातून बाहेर येतो, म्हणून खोळ घट्ट विणीचीच हवी. गादीघरात तसे कापड मिळाले नाही.

खोलीतल्या बाकी खर्चाची हकिकत थोडक्यात सांगते. सागवानी दोन जुने पलंग सुताराने १२०० रुपयांत दुरुस्त केले. त्यांच्या फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवायला सांगितली, म्हणजे गादीला खालून हवा लागते. नवारीच्या खाटेवर झोळ पडतो आणि कंबर दुखणाऱ्याला तो सोसत नाही. दोन मच्छरदाण्या ७०० रुपयांना, चादरी व अभ्रे ११०० रुपयांना, भिंतींना चुना ४५० रुपयांचा, आणि उशाशी हात पोचेल असे दिव्याचे बटण व मोबाइलसाठी प्लग ३८० रुपयांत. गादीघराचे आणि ऑटोचे धरून सगळे मिळून ७१६० रुपये झाले. तांब्या-भांडे, बॅटरी, कपड्यांच्या खुंट्या आणि एक स्टूल घरचेच होते. कूलर होता तोच खिडकीला लावला. त्याचा ओलसर झोत थेट गादीवर येऊ नये म्हणून पलंग बाजूला सरकवले आणि समोरची खिडकी रात्रभर थोडी उघडी ठेवली, कारण हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलरने खोली दमट होते.

पाहुणे चार दिवसांऐवजी सहा दिवस राहिले. व्याह्यांना सकाळी उठताना कमरेला आधार लागत असे. तिसऱ्या दिवशी ते आपले आपण उठून अंगणात आले आणि त्यांनी गादी कोठे केली ते विचारले. विहीणबाईंनी तर जाताना निळ्या पट्ट्यांच्या कापडाचा फोटो काढून नेला. हे मी गादीघरात जाऊन सांगितले, तेव्हा चाचांनी फक्त एवढेच विचारले, "उन्हात टाकता ना?"

फोमचीही बाजू मांडणे न्यायाचे आहे. ज्यांना धुळीने दमा होतो, ज्यांच्याकडे गच्ची किंवा अंगण नाही, किंवा ज्यांची खोली वातानुकूलित आहे, त्यांना चांगल्या प्रतीचा फोम सोयीचा पडेल. कापसाची गादी पावसाळ्यात ओल धरते, चार-पाच वर्षांनी पुन्हा पिंजावी लागते, आणि सुरुवातीची चार इंचांची जाडी वापराने तीन इंचांवर येते. आमच्या गाद्या दोन महिन्यांत थोड्या बसल्या आहेतच. मृगाच्या सरी येण्यापूर्वी मी त्या दोन दिवस उन्हात टाकल्या, पलटल्या आणि पलंगावर प्लॅस्टिक न घालता जुन्या सुती लुगड्याने झाकून ठेवल्या.

याच गादीघरात पुन्हा जायचे झाल्यास मी लग्नसराई सुरू होण्यापूर्वी, दिवाळी आटोपल्याबरोबर जाईन, उशांची संख्या आणि प्रत्येकीचे वजन वहीत लिहून घेईन, आणि गादी ताब्यात घेताना चारही कडांचे टाके बोटाने ओढून पाहीन. सासूबाईंच्या पलंगावरची गादी आता पिंजायला आली आहे. कार्तिकात ती घेऊन मी चाचांकडेच जाणार आहे.