ट्वेंटिएथ ॲनिव्हर्सरी मॅकिंटॉश : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात हा संगणक परभणीला आमच्या घरी आला, तो एसटीने, दोन वाकळांत गुंडाळून. १९९७ साली तो नवा घेणाऱ्या अमेरिकेतील गिऱ्हाइकाच्या घरी सूटबुटातला माणूस येऊन यंत्र जोडून देत असे, ही गोष्ट मी रिक्षात पत्नीला सांगितली, तेव्हा तिने आधी रिक्षाचे भाडे किती ठरले ते विचारले.

नावावरून गैरसमज होतो म्हणून सांगतो, ही वीस वर्षे मॅकिंटॉश (थोडक्यात मॅक) या संगणकमालिकेची नसून ती बनवणाऱ्या, १९७६ साली सुरू झालेल्या ॲपल कंपनीची आहेत. सुमारे १२,००० नग तयार झाले आणि किंमत होती ७,४९९ डॉलर. आत मात्र २५० मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी ६०३ई प्रोसेसर, ३२ एमबी रॅम आणि २ जीबीची हार्ड डिस्क, म्हणजे त्या वेळच्या मध्यम मॅकमध्ये जे मिळे तेच. वर्षभरात किंमत १,९९५ डॉलरवर आली, याचे मला नवल वाटत नाही.

हार्ड डिस्क वयोमानाने तिसऱ्याच आठवड्यात गेली. ती आयडीई, म्हणजे डिस्क जोडण्याच्या त्या काळच्या प्रचलित पद्धतीची असल्याने तिच्या जागी ॲडॉप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड बसवले, रॅम कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे १२८ एमबी केली आणि मॅक ओएस ९.१ ही ॲपलची जुनी कार्यप्रणाली घातली. मदरबोर्डवरची छोटी बॅटरीही बदलली, नाहीतर यंत्र तारीख-वेळ विसरत होते.

खरी काळजी वाटते ती जमिनीवर ठेवायच्या डब्याची. त्यात बोस कंपनीचा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, आणि सगळ्या संगणकाचा वीजपुरवठा एकत्र आहे आणि तिथून एकच जाड केबल वर जाते. डबा बिघडला की आवाजाबरोबर संगणकही बंद. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी विजेचा दाब इतका वरखाली होतो, की यूपीएसशिवाय मी हे यंत्र एकदाही सुरू केलेले नाही आणि मे महिन्यात तर सकाळी दहानंतर त्याला हातच लावला नाही. त्याच कोरड्या उन्हाने कीबोर्डवर तळहात टेकवायला असलेल्या चामड्याच्या गाद्यांपैकी उजवीला केसाएवढी बारीक भेग पडली. आता आठवड्यातून एकदा चामड्याचे क्रीम बोटाने चोळतो आणि वर मलमलचे फडके पांघरतो.

मॅक ओएस ९ मध्ये देवनागरीची सोय आहे, म्हणून सुरुवातीला हौसेने मराठी टंकलेखन केले. पण ती अक्षरे युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतांच्या आधीच्या संकेतांत साठवली जातात. फ्लॉपीवरून नव्या लॅपटॉपवर नेलेला दोन पानी मजकूर उघडला, तेव्हा पडद्यावर नुसत्या रोमन चिन्हांचा चिखल दिसला. तो नाद मी सोडला. यंत्रातला टीव्ही ट्यूनरही ॲनालॉग प्रक्षेपणाच्या काळातला असल्याने आज शोभेपुरताच उरला आहे.

मग उरते काय? १२.१ इंची एलसीडी पडदा ८०० बाय ६०० चा आहे, कडांशी किंचित पिवळसर झाला आहे, पण रात्री त्यावर घरखर्चाचा हिशेब वाचताना डोळे दुखत नाहीत. सीडी पडद्याखाली उभी बसते. रोज संध्याकाळी वडील आपल्या संग्रहातली एक भीमसेन जोशींची सीडी घेऊन येतात, झाकण उघडून स्वतः बसवतात आणि सबवूफर लांब सरकवायला सांगतात, कारण तानपुऱ्याच्या खर्जाने त्यांच्या चहाची बशी थरथरते.

इतक्या कामासाठी एवढा पैसा घालावा का, असे कोणी विचारले तर मी नको म्हणेन. घ्यायचाच असेल, तर पडद्यावर भुलण्याआधी तो खालचा डबा तासभर चालवून पाहावा.