स्वीडिश घ्यावा की डीप टिश्यू?

पहिल्यांदा मसाज घ्यायला गेलं की बहुतेक वेळा हे दोन पर्याय समोर येतात. ‘घ्यायचाच तर चांगला जोरात घेऊ’ म्हणून पुष्कळजण डीप टिश्यू सांगतात आणि माझ्या मते तिथेच चुकतात.

स्वीडिशमध्ये तेल भरपूर असतं. आधी तळहात लांबवर सरकवत फिरवणं, मग स्नायू मळणं, चोळणं, हलक्या थापा. नाव स्वीडनचं असलं तरी या पद्धतीची घडी बसवण्याचं श्रेय 19व्या शतकातल्या योहान मेझगर या डच डॉक्टरांना दिलं जातं. श्वास संथ होतो, अंग सैल पडतं. डोकं शांत होत नाही, झोप नीट लागत नाही, अशांसाठी हाच बरा.

डीप टिश्यूत स्नायूंच्या आतल्या थरांवर खोल दाब देतात. तेल कमी, कारण हात निसटून चालत नाही. मान आणि खांद्याच्या मधोमध अंगठा टेकवला की कित्येकांना ताठरलेली गाठ लागते. जाणता थेरपिस्ट तिच्यावर तुटून पडत नाही. तो हळूहळू भार टाकतो, तुम्ही श्वास सोडेपर्यंत थांबतो, मगच पुढे सरकतो. दुखतंय पण बरं वाटतंय, इथवर ठीक. दात आवळले गेले, श्वास अडला, की स्नायू आणखी आखडतो. तेव्हा सोसत पडून राहू नका, ‘दाब कमी करा’ म्हणून सांगा. दुसऱ्या दिवशी अंग ठणकू शकतं, त्यामुळे शर्यतीच्या आदल्या दिवशी हा प्रकार नकोच.

मसाजने ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ हे दोन्हींबाबत खोटं आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. कंबरदुखीवर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या 2015च्या आढाव्यात मसाजचा फायदा थोड्या काळापुरताच दिसला, आणि पुरावाही भक्कम नव्हता. महिनोन्‌महिने कंबर धरलेली असेल तर नुसत्या मसाजवर विसंबू नका, व्यायाम हवाच.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील, तर डीप टिश्यू टाळा. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर कुठलाच मसाज नको. आत रक्ताची गुठळी असू शकते, तडक डॉक्टरांकडे जा.

पहिलीच वेळ असेल तर मी स्वीडिशच सुचवेन. एखादी जागा फारच धरलेली असेल तर ती बोट ठेवून दाखवा आणि तेवढ्याच ठिकाणी पाच-दहा मिनिटं खोल दाब द्यायला सांगा.