नाताळचा मोजा: पाच मुलं, पाच वयं आणि साडेबाराशे रुपये

नाताळचे मोजे खरं तर धुराड्यापाशी टांगतात, पण आमच्या वसईच्या घरात धुराडं नाही. त्यामुळे नाताळच्या रात्री मुलांचे मोजे हॉलच्या खिडकीच्या गजांना, येशूच्या गोठ्याच्या (येशूजन्माच्या देखाव्याच्या) बरोबर वर लटकतात. एकूण पाच मोजे: नणंदेचा सव्वा वर्षाचा मुलगा, धाकट्या दिराची चार वर्षांची मुलगी, माझा सात वर्षांचा, नणंदेचीच नऊ वर्षांची थोरली आणि मोठ्या दिरांचा तेरा वर्षांचा. सकाळी मुलांना सापडतील अशा छोट्या भेटवस्तूंनी हे मोजे भरायचं काम माझ्याकडे आणि हातात साडेबाराशे रुपये.

पहिल्या वर्षी मी सरळ पाचाने भागलं. प्रत्येकी अडीचशे. चार वर्षांच्या पोरीच्या मोज्यातून नऊ वस्तू निघाल्या, तेरा वर्षांच्याच्या मोज्यातून दोन. नऊ वर्षांच्या भाचीने सगळ्यांच्या वस्तू जमिनीवर रांगेने मांडून मोठ्याने मोजल्या. कुणाची वस्तू कितीची, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मुलं किंमत बघत नाहीत, नग मोजतात. तेव्हापासून नग सारखे, पैसे कमीजास्त: प्रत्येकाला पाचच वस्तू, लहान दोघांना दोनदोनशे, सात वर्षांच्याला दोनशे तीस, नऊचीला दोनशे सत्तर, तेराच्याला साडेतीनशे. पुढच्या किमती मला वसईत आणि मुंबईत लागलेल्या. दहावीस रुपये इकडेतिकडे होणारच.

मोजा कुठला?

लाल फेल्टचा, पांढऱ्या झालरीचा तयार मोजा साठ ते दीडशे रुपयांत मिळतो आणि फोटोत छान दिसतो. पण फेल्ट ताणत नाही. स्वस्तातल्या मोज्यांची कड डिंकाने चिकटवलेली असते, आत संत्रं पडलं की ती उकलते. उलट शाळेच्या गणवेशाचा गुडघ्यापर्यंतचा मोजा ताणून दुप्पट होतो, फुकट पडतो, आणि आतल्या वस्तूचा उंचवटा बाहेरून दिसतो. डोळे चोळत उठलेलं पोर आधी तो उंचवटा बाहेरून चाचपतं, अंदाज बांधतं, मगच हात घालतं. ही मजा फेल्टमध्ये नाही. मी शाळेचाच मोजा घेते, अर्थात धुतलेला. सव्वा वर्षाच्या बाळाच्या स्वतःच्या मोज्यात लिंबूही मावणार नाही, त्याला बाबाचा लोकरीचा.

प्रत्येक मोज्याच्या टोकाला एक संत्रं. संत निकोलसची गोष्ट आमच्याकडे आजीपासून सांगतात. चौथ्या शतकात मायरा इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, हे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं आणि ते म्हणे वाळत घातलेल्या मोज्यांत पडलं. संत्रं म्हणजे ते सोनं. डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतातच, त्यामुळे दहा रुपयांत पाचातला एक नग भरतो आणि मोज्याचं टोकही गोल दिसतं.

सव्वा वर्ष: खुळखुळा की दिव्याचं खेळणं?

इथे निवड करताना आवडीपेक्षा घशाचा विचार आधी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. खेळणं किंवा त्याचा सुटा तुकडा त्यात पूर्ण मावला, तर ते या वयाला चालत नाही. घरात ते नळकांडं नसतं, म्हणून टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्यायची. ती थोडी रुंद असते, म्हणजे आपली चाचणी उलट जास्तच कडक. नळीतून आरपार गेलेली वस्तू बाळाच्या मोज्यात जाणार नाही.

दाबलं की दिवे लागणारी, गाणं म्हणणारी प्लॅस्टिकची खेळणी पन्नास-साठ रुपयांना ढिगाने मिळतात. त्यांत बहुधा बटणासारखे चपटे सेल असतात. एका खेळण्याचं झाकण मी दुकानातच नखाने उघडून पाहिलं, सहज निघालं. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतो. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं कुठल्याच वयाला नको.

त्याच्यापुढे कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा लाखेचा लाकडी खुळखुळा शंभर-सव्वाशेला पडतो. महाग वाटतो, पण पुढच्या भावंडालाही चालतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळंही सुंदर, पण ती भातुकलीच्या वयाची. द्राक्षाएवढी फळं बाळापासून लांबच. आता खुणेचं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मात्र नोंदणीकृत कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन (त्या गावाची खासियत अशी सरकारी नोंद) असलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून चन्नपट्टणच्या खुळखुळ्यावर चिन्ह दिसलं नाही तर दचकू नका. प्लॅस्टिकच्या खेळण्यावर नसेल तर मात्र दुकानदाराला परत करा.

बाकी तीन नग सोपे: जाड पुठ्ठ्याचं छोटं चित्रांचं पुस्तक, एक मऊ रुमाल (बाळाला रुमालासारखं खेळणं नाही, तोंडावरून ओढायचा आणि हसायचं) आणि घरची नानकटाई.

चार वर्षं

साबणाच्या फुग्यांची बाटली, मेणखडू, स्टिकर, मऊ माती. चारही वीस ते पन्नास रुपयांत बसतात. फुग्यांची बाटली सकाळी नऊपर्यंत संपते, त्यातली निम्मी फरशीवर. तरीही मी ती घेते, कारण नाताळच्या सकाळी अंगणात पाचही मुलं एकत्र खेळतात ते याच एका वस्तूशी. मातीचे रंग दुपारपर्यंत एकमेकांत मिसळून सगळ्याचा एकच करडा गोळा होतो, आणि नवीन पलंगपोसावर तो बसला की घरात कुणाचं तरी नाव निघतं. माती बाद. मेणखडू जाडे घ्या, बारीक खडू या वयाच्या मुठीत मोडतात. स्टिकर फ्रिजवरून निघत नाहीत, एवढंच सांगते.

पाण्यात टाकले की फुगणारे जेलचे मणी रंगीत दिसतात आणि दहा रुपयांची पुडी मिळते. गिळले तर ते पोटातही फुगतात. घरात लहान मूल असेल तर मोठ्यांच्या मोज्यातही नकोत, कारण ते घरंगळत कुठेही जातात. रबरी फुग्यांचंही तेच, फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर चिकटून बसतो. (आमच्याकडे ‘फुगे’ म्हटलं की आधी इंद्यालबरोबर, म्हणजे मांसाच्या आंबट-तिखट कालवणाबरोबर, खायचे पिठाचे तळलेले फुगे आठवतात. ते पोटभर खाऊ द्या.)

सात वर्षं: भोवरा की भिंग?

लाकडी भोवरा जाळीसकट (दोरीसकट) चाळीस रुपयांत मिळतो. भिंगाला शंभराच्या आत चांगली काच मिळते. मी आधी भोवऱ्याच्याच बाजूची होते, मराठी घर, जुना खेळ वगैरे. पण भोवरा एकट्याने शिकता येत नाही. जाळी आरेपासून, म्हणजे खालच्या खिळ्यापासून, वर घट्ट गुंडाळायची, हात मागे ओढायचा नेमका क्षण साधायचा, हे दाखवायला कुणीतरी लागतं. आमच्या घरी ते काम आजोबांनी केलं, तेही दोन दिवस गुडघे दुखेपर्यंत. घरात शिकवणारं कुणी नसेल तर भोवरा पहिल्या तासानंतर शोकेसमध्ये जातो. अंगण नसेल तरी तेच, टाइल्सवर आर घसरते आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात.

भिंगाला गुरू लागत नाही. माझ्या मुलाने पहिल्या दिवशी संत्र्याची साल, नोटेवरची बारीक अक्षरं, बहिणीच्या गुडघ्यावरची खपली आणि आजीच्या हाताच्या शिरा पाहिल्या. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग. एकच ताकीद: सूर्याकडे बघायचं नाही आणि उन्हात कागदावर धरायचं नाही. ती तो पाळेल अशी आशा. घेताना छापील मजकुरावर धरून पाहा. प्लॅस्टिकच्या वीस रुपयांच्या भिंगातून अक्षरं कडेला लाटेसारखी वाकतात, ते भिंग नव्हे, चमचा.

अंगण आणि आजोबा असतील तर दोन्ही घ्या, दोनशे तीसमध्ये बसतं. नसतील तर भिंग आणि उरलेल्या पैशांत मराठी पुस्तक. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स किंवा ज्योत्स्ना प्रकाशनाची पातळ चित्रपुस्तकं शंभराच्या आत सहज मिळतात आणि गुंडाळी करून मोज्यात नीट बसतात.

शिट्टी कुठल्याच मोज्यात नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांना कारण सांगायला नको.

नऊ आणि तेरा: पत्ते की क्यूब?

रुबिक क्यूब १९७४ मध्ये हंगेरीत एर्नो रुबिकने बनवला आणि अजून प्रत्येक शाळेच्या बसमध्ये दिसतो, त्यामुळे तो हमखास चालेल असं वाटून मी नऊच्या भाचीला चाळीस रुपयांचा घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचा एक कोपरा निखळला, आणि बसवून दिला तर रंग सुटायला लागले. वळवताना तो इतका अडकायचा की बोटं लाल व्हायची. तिने तो ठेवून दिला आणि आपल्यालाच जमत नाही असं समजली, याचं मला जास्त वाईट वाटलं. दीडशे-पावणेदोनशेचा क्यूब एका बोटाने फिरतो आणि रंग प्लॅस्टिकमध्येच असल्याने निघत नाही. म्हणजे स्वस्त क्यूब कुणालाच घेऊ नका. घ्यायचाच तर चांगला घ्या आणि तो तेराच्याला द्या, जो मोबाइलवर पद्धत बघून आठवडाभर चिकटून बसेल.

नऊच्या वयाला पत्त्यांसारखं काही नाही. साधा कॅट (पत्त्यांचा जोड) पन्नास रुपयांना, ऊनो शंभर-दीडशेला. साध्या पत्त्यांत बदामसात, झब्बू, मेंढीकोट असे दहा खेळ आहेत आणि आजीलाही ते येतात. ऊनो एकच खेळ, पण चार वर्षांची पोरगीही रंग बघून पान टाकू शकते. घरात लहान भावंडं असतील तर ऊनो, मोठी माणसं बसणारी असतील तर साधा कॅट. आमच्याकडे दोन्ही जमतात, तरी मी साधाच घेते आणि वाचलेल्या पैशांतून केसांचे दोन चांगले क्लिप. मात्र बहिणींमध्ये रंगावरून भांडण होणार असेल तर ओरिगामीचे कागद बरे.

तेरा हे सगळ्यात अवघड वय. किचेन, गंमतशीर खोडरबर, सांताची टोपी असलेलं पेन यांतलं काहीही दिलं तर तो ‘थँक्यू काकी’ म्हणतो आणि ते टेबलावरच राहतं. वस्तू द्यायची की रोख, यावर जाऊबाईंचं आणि माझं जुळत नाही. त्यांच्या मते सगळेच पैसे पाकिटात घालून द्यावेत. मला वाटतं, मोज्यातून पाकीट निघालं की तो दिवाळीचा बोनस झाला. मी मधला रस्ता काढला: एकशे ऐंशीचा क्यूब, चाळीसचं चांगलं लिहिणारं जेल पेन, वीसचं चॉकलेट, दहाचं संत्रं, आणि शंभरची एक कोरी नोट पेनाच्या टोपणाभोवती बारीक गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. साडेतीनशे बरोबर. ती नोट सापडायला त्याला दुपार झाली.

खरेदी आणि खाऊ

पाचच मुलं असतील तर जवळच्या दुकानातच घ्या. शेजारच्या दोनतीन घरांनी मिळून घ्यायचं ठरलं, तर क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटची फेरी परवडते, कारण तिथे पेनं, मेणखडू, कॅट डझनाने स्वस्त पडतात. रविवारी जाऊ नका, आणि २० तारखेनंतर तर मुळीच नाही. परतीच्या विरार लोकलमध्ये ती पिशवी डोक्यावर धरून उभं राहावं लागतं.

खाऊत सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी की शेंगदाण्याची चिक्की? चिक्की स्वस्त आणि पोटभरीची, पण अख्खे दाणे पाच वर्षांखाली नकोत, आणि एकाला दिली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. नाणी सगळ्या मोठ्या चौघांना. संत निकोलसच्या गोष्टीलाही ती शोभतात.

भरताना आधी संत्रं टाकायचं, मग क्यूब किंवा भिंगासारखी कडक वस्तू, मग मऊ, आणि पुस्तकाची गुंडाळी कडेने, म्हणजे मोजा ताठ राहतो. मध्यरात्रीच्या मिस्सेहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) परत आल्यावर, मुलं कपड्यांसकट झोपली की भरायला घ्या. खाऊ मात्र सकाळी टाका. मी एकदा रात्रीच टाकला होता, आणि पहाटे खिडकीच्या गजापासून थेट गोठ्यातल्या गवतापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, भिंग नसतानाही दिसेल एवढी.