गेट पाससाठी घेतलेली कामगार नुकसानभरपाई पॉलिसी: एका लहान कारखानदाराचे परीक्षण

माझ्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात सात माणसे काम करतात. एका मोठ्या कंपनीच्या आवारात शेड उभारण्याचे काम मिळाले, तेव्हा तिथल्या सुरक्षा विभागाने 'डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार नुकसानभरपाई) पॉलिसी दाखवल्याशिवाय गेट पास मिळणार नाही' असे सांगितले आणि केवळ तेवढ्यासाठी मी घाईने ही पॉलिसी घेतली. आता तीन वेळा नूतनीकरण झाले आहे, मध्यंतरी एक दावाही झाला आहे. त्यामुळे पॉलिसी काय देते आणि विकताना काय सांगितले जात नाही, हे अनुभवाने लिहू शकतो. विमा कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार पॉलिसीपेक्षा ती विकण्याच्या पद्धतीबद्दल अधिक आहे.

एजंटला माझा पहिला प्रश्न होता, 'हा विमा मला सक्तीचा आहे का?' त्याने बेधडक 'हो' म्हटले. हे उत्तर बरोबर नव्हते. १९२३ च्या कायद्याने (२०१० पासून त्याचे नाव 'कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम' झाले) मालकावर टाकली ती भरपाईची जबाबदारी. विमा घेण्याची सरसकट सक्ती त्यात नव्हती. कामामुळे आणि काम करत असताना अपघात झाला, तर मालकाची चूक असो वा नसो, पैसे त्यानेच द्यायचे, आणि ते कुठून आणायचे हा त्याचा प्रश्न. सक्ती येते ती दुसऱ्या वाटांनी. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजना लागू होते, आणि तिथे विमाधारक कामगाराला अपघाताचे लाभ त्या योजनेतूनच मिळत असल्याने त्याच अपघाताची भरपाई त्याला मालकाकडून वेगळी मागता येत नाही. मालवाहू वाहनाच्या चालकाबाबतची कायदेशीर जबाबदारी मोटार वाहन कायद्यानुसार वाहनाच्या विम्यातच घ्यावी लागते. आणि तिसरी सक्ती माझ्यासारखी, कंत्राटातल्या अटीची.

येथे एक गोष्ट अनेक कारखानदारांच्या नजरेतून सुटते. ईएसआयची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे. कारखाना ईएसआयखाली असला, तरी त्याहून जास्त पगार घेणारा सुपरवायझर किंवा जुना फिटर त्या छत्राबाहेर राहतो आणि त्याच्या अपघाताची जबाबदारी पुन्हा मालकाच्या अंगावर येते. 'आमच्याकडे ईएसआय आहे, आम्हाला ही पॉलिसी कशाला' असे म्हणणाऱ्यांनी आपले पगारपत्रक एकदा उघडून पाहावे.

आता दाव्याविषयी. २०२३ मध्ये प्रेसवर (पत्रा दाबण्याच्या यंत्रावर) काम करताना तीस वर्षांच्या एका कामगाराच्या तर्जनीचे टोकाचे पेर गेले. कायद्याच्या परिशिष्टात या इजेसाठी ९ टक्के अर्जनक्षमता (कमावण्याची क्षमता) गमावल्याचे धरले आहे. हिशोब असा होतो: भरपाईच्या हिशोबात धरायच्या मासिक वेतनाची त्या वेळची मर्यादा १५,००० रुपये (ईएसआयची मर्यादा वेगळी), तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००; त्याला कायद्यात वयाच्या तिसाव्या वर्षासाठी दिलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणायचे आणि येणाऱ्या रकमेचे ९ टक्के घ्यायचे. भरपाई १ लाख ६८ हजारांच्या थोडी वर गेली. एका पेरासाठी ही रक्कम, तर मृत्यूच्या प्रसंगी लहान कारखान्याचे काय होईल याची कल्पना करता येते. ही रक्कम विमा कंपनीने पूर्ण दिली आणि नुकसानभरपाई आयुक्तांकडे भरपाईचा करारनामा नोंदवण्याच्या कामी तिच्या वकिलाने नीट मदत केली, हे मान्य केले पाहिजे.

रक्कम पूर्ण मिळाली याचे एक कारण असे, की मी पगार खरे दाखवले होते. प्रीमियम हा वर्षभराच्या एकूण वेतनावर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो; कार्यालयातल्या कारकुनाचा दर वेगळा, प्रेसवरच्या माणसाचा वेगळा. म्हणून एजंटने प्रस्ताव अर्जात केवळ मूळ वेतन लिहायला आणि दोन हेल्पर वगळायला सुचवले होते. असे केले असते, तर वाचलेले चार पैसे दाव्याच्या वेळी कितीतरी पटींनी बाहेर गेले असते. मुळात या पॉलिसीत वर्षअखेरीस प्रत्यक्ष वेतनाप्रमाणे प्रीमियमचा फरक मिटवण्याची सोय असते, त्यामुळे लपवाछपवीची गरजच पडत नाही.

निराशा झाली ती उपचारांच्या खर्चाबाबत. कायद्यातील २००९ च्या दुरुस्तीनंतर कामगाराला उपचारांचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यावा लागतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. मूळ पॉलिसीत मात्र हा खर्च धरलेलाच नसतो. जादा प्रीमियम भरून तो जोडावा लागतो आणि तरीही दर माणशी ठरावीक रकमेपर्यंतच मिळतो. तेव्हा मी ते जोडकलम घेतले नव्हते, कारण ते असते हेच मला कोणी सांगितले नव्हते. शस्त्रक्रिया आणि ड्रेसिंगचा सगळा खर्च माझ्या खिशातून गेला.

दुसरी खोच व्याजाची. १९२३ च्या कायद्यानुसार भरपाई देय झाल्यापासून एक महिन्यात दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकत असे. माझ्या पॉलिसीत हे दोन्ही वगळलेले आहेत. व्याज वगळणारी अट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका प्रकरणात वैध ठरवली होती, आणि त्यामागचा विचार पुन्हा पहिल्या प्रश्नाशीच येऊन भिडतो: १९२३ च्या कायद्याने हा विमा सक्तीचा केलेला नसल्याने त्यात काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे दोन्ही पक्ष करारानेच ठरवू शकतात. म्हणूनच अपघाताची सूचना विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी द्यावी. मी चार दिवस घालवले होते. सुदैवाने ते भोवले नाही.

ठेकेदाराच्या माणसांबाबतही असाच घोळ आहे. आपल्या धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकडून करवून घेतले, तर त्याच्या कामगाराला मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते. पुढे मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करायची. पेंटिंगसाठी येणारी माझ्याकडची टोळी मूळ पॉलिसीत नव्हती. त्यांच्यासाठी वेगळे एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचे कलम) घ्यावे लागले, आणि तेही मीच विचारल्यावर.

एवढे असूनही सातच माणसे असलेल्या, म्हणजे ईएसआयच्या बाहेर असलेल्या कारखान्यासाठी मी ही पॉलिसी आवश्यकच मानतो. पाचपैकी चार गुण पॉलिसीला देईन. विक्रीसेवेला दीडच्या वर देववत नाही.

या वर्षीच्या नूतनीकरणात मी उपचारखर्चाची मर्यादा वाढवून घेतली आणि व्यवसायजन्य आजारांचे कलम जोडले, कारण वेल्डिंगच्या धुरात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचा प्रश्न एका दिवसाच्या अपघाताचा नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून जुन्या कायद्याची जागा तिने घेतली आहे. घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, तिच्यात कामावरचाच अपघात मानला जातो. माझ्या हातातल्या कागदावर अजून १९२३ च्याच कायद्याचा उल्लेख आहे. माझे तीन कामगार रोज मोटारसायकलने महामार्गावरून येतात. त्यांचा हा प्रवास या पॉलिसीत धरला आहे का, असे मी विमा कंपनीला लेखी विचारले आहे आणि उत्तरही लेखीच मागितले आहे.