गोव्यातली महागडी हॉटेलं: दिवाळी ते श्रावण, आमचा अनुभव

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला, गोव्यात चांगलं कुठे जेवायचं, आणि चांगलं म्हणजे त्यांना मंद दिवे, जुनं घर, कॉकटेलचा वेगळा मेन्यू असलं काहीतरी हवं असतं. आम्ही पर्वरीला राहतो, दोघंही नोकरी करतो, घरी मासे नेहमीचेच. त्यामुळे बाहेर जाऊन दोन माणसांचे अडीच-तीन हजार मोजायचे तर घरी होतं त्याच्यापेक्षा वरचं काहीतरी पानात पडायला हवं एवढीच अपेक्षा. गेल्या दिवाळीपासून आत्ता श्रावण लागेपर्यंत पणजी, मिरामार, आसगाव, शिवोली, कांदोळी असं बरंच फिरलो, आवडलेल्या ठिकाणी परत परत गेलो, ऐन सीझनला गेलो, मे महिन्यात गेलो आणि मासेमारी बंदीतही गेलो. एकदाच जाऊन लिहिलेल्या रिव्ह्यूचं मला फारसं खरं वाटत नाही, कारण त्याच किचनमधून डिसेंबरला येणारं ताट आणि जुलैला येणारं ताट यात खूप फरक पडतो, आणि तो बघितल्याशिवाय हॉटेल कसंय ते कळत नाही.

तर एवढ्या महिन्यांनी माझं मत पक्कं झालंय: गोव्यात हॉटेल कितीही मोठं असू दे, त्याचं जेवण पारखायचं तर आधी आंबट बघायचं. तिखट कोणालाही जमतं, नारळ कोणालाही घालता येतो, पण आंबट कुठलं आणि किती हे ज्या किचनला कळतं त्याला गोव्याचं जेवण कळतं.

आपल्याकडे बांगड्याच्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, सोलं (आमसुलं) पडतात, कैरीच्या दिवसांत सुंगटांच्या (कोळंबीच्या) कढीत कैरी, झाडाला बिमलं असतील तर बिमलं, पावसाळ्यात आंबाडे यायला लागले की आंबाडे, आणि माशाच्या पोटात भरायचा लाल रेशाद मसाला वाटायचा तर माडाच्या सुरेचं व्हिनेगर. प्रत्येकाचा आंबटपणा वेगळा लागतो. सोलांचा हळूहळू मागून येतो, कैरीचा लगेच जिभेवर, आणि माडाच्या व्हिनेगरला मागे किंचित गोडसर चव असते. मोठ्या हॉटेलांत बहुतेक ठिकाणी काय होतं, लाल ग्रेव्ही एकच केलेली असते, तिच्यात चिंचेचा कोळ, आणि मग तीच ग्रेव्ही सुंगटांना, तीच विसवणाला (सुरमईला), थोडं व्हिनेगर मारलं की तीच आंबट-तीक म्हणून मोरी माशाला, म्हणजे लहान शार्कला. मेन्यूवर तीन नावं आणि तीन किमती, ताटात चव एकच.

रेशाद बांगड्याचं उदाहरण सांगते कारण ते आम्ही जवळजवळ सगळीकडे मागवलं. रेशाद मसाला नीट करायचा तर मिरच्या, लसूण, जिरं, मिरी, लवंग सगळं व्हिनेगरमध्येच वाटायचं, पाण्याचा थेंब लावायचा नाही, म्हणून तर तो बाटलीत महिनोन्महिने टिकतो. आसगावच्या एका नावाजलेल्या जागी, जिथे बसायला मिळालं म्हणून लोक फोटो टाकतात, बांगडा इतका देखणा आला की काय सांगू, केळीच्या पानावर, बाजूला कांद्याच्या बारीक चकत्या, वर कसलीशी फुलं. पोट उघडलं तर आतला मसाला पाणीदार, लसूण कच्ची, आणि वास नाकात झोंबणारा, म्हणजे बाजारातलं साधं पांढरं व्हिनेगर. किंमत जवळपास सहाशे रुपये, एका बांगड्याची! आणि पणजीतल्या एका जरा जुन्या हॉटेलात, तेही स्वस्त नाही, पण तिथला मसाला बांगड्याच्या काट्यापर्यंत मुरलेला, बाहेरून करकरीत, आत मऊ, मांस काट्यावरून आपोआप सुटत होतं, आणि आंबट अगदी शेवटी येत होतं. तिथे आम्ही परत गेलो, परत तसाच मिळाला, मग मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन गेलो तरी तसाच. महाग हॉटेलला मी पैसे देते ते या सारखेपणाचे.

तेफळाचीही (तिरफळाचीही) गोष्ट तशीच. बांगड्याची उडदमेथी किंवा साधं हुमण, तेफळ घातलं की घरभर वास सुटतो. पण तेफळाची फक्त साल वापरायची, आतली काळी बी काढून टाकायची, साल जराशी ठेचायची आणि शेवटी शेवटी टाकायची. एका ठिकाणी ती बियांसकट वाटणात फिरवलेली होती, दाताखाली कचकच आणि कढीला कडवटपणा. वेटरला सांगितलं तर म्हणाला मॅडम ते रस्टिक टेक्श्चर आहे. मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्या मुलाला तसं शिकवून ठेवलंय आणि तो ते पुढच्या टेबलालाही सांगणार.

वेटरांचा विषय निघालाच आहे तर हेही लिहायला हवं. लोक म्हणतात गोव्याबाहेरची मुलं असतात, त्यांना इथलं जेवण काय कळणार. मला हे पटत नाही. मिरामारच्या बाजूला एका हॉटेलात ईशान्येकडचा एक मुलगा आहे, त्याला जूनमध्ये विचारलं विसवण आहे का, तर हळूच म्हणाला, आहे पण फ्रीझरमधला आहे, तुम्ही चणक घ्या, नदीचा आहे, सकाळी आलाय. घेतला, आणि एवढ्या महिन्यांत खाल्लेला सगळ्यात चांगला मासा तो होता, नुसतं मीठ, हळद, सोलं लावून रव्यात तळलेला. त्याला कोणीतरी नीट शिकवलंय, किचनमध्ये नेऊन दाखवलंय. जिथे मालक हे करतात तिथे माणूस कुठलाही असू दे, तुम्हाला खरं उत्तर मिळतं.

मासेमारी बंदीचं नीट सांगते, कारण पाहुण्यांना ते माहीत नसतं. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात. या दोन महिन्यांत मेन्यूवर विसवण, पापलेट, सगळं नेहमीसारखं छापलेलं असतं, पण तो मासा एकतर फ्रीझरमधला नाहीतर बर्फात घालून बाहेरून आलेला. 2018 च्या जुलैमध्ये मासा टिकवायला फॉर्मेलिन हे विषारी रसायन वापरल्याच्या संशयाचं प्रकरण झालं होतं, सरकारने काही दिवस बाहेरचा मासा बंदच केला होता, तेव्हापासून आमच्या घरी तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी मासा मागवत नाही. या दिवसांत नदीचे मासे मागा, चणक, शेवटो, काळुंदर, किंवा तिसऱ्यो, खुबे असतील तर ते. आणि विचारल्यावर वेटर जर म्हणाला की सगळं फ्रेश आहे, तर चिकन मागवा. खरंच. जुलैमध्ये ज्या हॉटेलात सगळंच फ्रेश असतं तिथे मी मासा खात नाही. फिश करीत गोड्या पाण्यातला बासा मासा घालणारीही बरीच निघाली, तुकडा पांढराशुभ्र, काटा नाही, चव नाही, मऊ लगदा, एकदा ओळखता आला की नंतर चुकत नाही.

चिकनवरून आठवलं, काफ्रेयाल बहुतेक ठिकाणी बरं असतं, हिरवा मसाला बिघडवणं तसं अवघड आहे. शागोती मात्र मोजक्याच जागी. खोबरं आणि खसखस, मसाले वेगवेगळे भाजावे लागतात, खोबरं तपकिरी व्हायला हवं पण करपायला नको, आणि त्याला वेळ आणि माणूस लागतो. घाईत भाजलेलं लगेच कळतं, कढी फिकट आणि वर तेलाचा थर. कांदोळीला ऐन डिसेंबरमध्ये खाल्ली ती अशीच होती, आणि टेबल दोन तासांत रिकामं करा हे आधीच सांगून ठेवलेलं.

आता भात. याचा मला खरा राग येतो. हुमण मागवलं की सोबत बासमती! कुठे कुठे तर जिऱ्याची फोडणी दिलेला. उकड्या तांदळाचं शीत (भात) नाही म्हणतात, पाहुण्यांना आवडत नाही म्हणतात. अहो, तुम्ही वाढून तर बघा. उकड्याचा जाड दाणा कढी धरून ठेवतो, बासमतीवरून ती ओघळून ताटाच्या कडेला जमा होते. आमच्या पुण्याच्या मावशींनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा दोनदा मागून घेतला. गोव्याच्या नावावर एवढी किंमत लावायची आणि गोव्याचा तांदूळ ठेवायचा नाही हे चालणार नाही. साध्या खानावळीत 200-250 रुपयांच्या थाळीत तो मिळतो, मग इथे का नाही?

सोलकढी मागवताना रंग बघा. सोलांचा खरा रंग जरा मळकट, जांभळट गुलाबी असतो, आइस्क्रीमसारखी भडक गुलाबी आली तर सिरप आहे. एका ठिकाणी फुटी कढी मिळाली, नारळाशिवायची, हिरवी मिरची, कोथिंबीर, हिंग, आणि ती इतकी चांगली होती की नवऱ्याने कॉकटेल अर्धं ठेवून तीच प्यायली.

शाकाहाराची बाजू सगळ्यात कच्ची आहे. सासूबाई फोंड्याच्या, सोमवारी आणि श्रावणात शिवराक, त्यांना घेऊन गेलो की मेन्यूवर पनीर शागोती नाहीतर मशरूम शागोती. त्यांनी शांतपणे विचारलं, खतखतं नाही का? आळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी)? मुगागाठी? नाही. गोव्याच्या हिंदू घरांत पिढ्यानपिढ्या जे शिवराक रांधलं जातं ते या हॉटेलांपर्यंत पोचलेलंच नाही, आणि ही माझी एवढ्या महिन्यांची सगळ्यात मोठी तक्रार आहे. पाऊस पडला की तायखिळा (टाकळा) उगवतो, अळू असतं, वारुळावर आळमी (रानातली मशरूम) येतात, आळमीचं तोणाक ज्याने खाल्लंय त्याला विचारा. एका शेफने या जुलैमध्ये आळमी ठेवली होती, पण क्रीममध्ये, टोस्टवर. वाईट नव्हती, तरी क्रीमने तिचा मातीचा वास झाकला. खोबऱ्याच्या वाटणात केली असती तर मी आठवड्याला गेले असते. ज्यांना घरच्या, इथल्या चवीच्या बाजूने काही बघायचंय त्यांना सांगते, मिरामारच्या रस्त्यावरचं मम्स किचन हे घरोघरच्या आयांकडून पाककृती गोळा करून उभं राहिलंय, आणि बाणावलीच्या काव्हाटिनामध्ये शेफ अविनाश मार्टिन्स इथलेच जिन्नस घेऊन नव्या पद्धतीने मांडतात. दोन्ही विचार मला महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांची सुरुवात इथल्या घरातून आणि इथल्या शेतातून होते.

गोडात बिबिंका बघा. 2023 मध्ये तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हापासून सगळ्यांच्या मेन्यूवर आली. चांगल्या बिबिंकेचे थर काट्याने एकेक सुटतात, प्रत्येक थर वरून आच देऊन वेगळा भाजलेला असतो, अंड्याचा बलक, नारळाचा रस, तूप, जायफळ. पिठूळ लागली आणि सगळे थर एकदम तुटले तर फॅक्टरीची आहे, तिच्यावर आइस्क्रीमचा गोळा ठेवून साडेतीनशे लावतात.

बिलाचं थोडक्यात. स्वतंत्र रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला 7,500 रुपयांच्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के, म्हणजे तेच जेवण रिसॉर्टमध्ये घेतलं की फरक मोठा पडतो. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे बिलात दोन वेगळे भाग दिसतात ते बरोबरच आहे. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तसं सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. तरीही 10 टक्के आपोआप लावलेला आम्हाला बऱ्याचदा मिळाला. काढा म्हटलं की काढतात, वाद घालावा लागला नाही. आम्ही तो काढायला लावतो आणि ज्याने नीट वाढलं, खरं सांगितलं, त्याच्या हातात टिप देतो.

टेबल बुक करताना फोनवरच विचारा, उकडा भात आहे का आणि आज मासा कुठला आलाय. ज्यांनी थांबून नीट उत्तर दिलं तिथे आमचं जेवण एकदाही वाईट निघालं नाही. आणि नाताळच्या आधीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आसगाव-कांदोळीकडे जाऊच नका, त्या दिवसांत पाहुणे आले तर मी म्हापशाच्या बाजारातून विसवण आणते आणि घरी तळते.