ऑनलाइन हिरा: सुटा मागवावा की तयार अंगठीच घ्यावी?

मुलाच्या साखरपुड्याला सुनेसाठी सॉलिटेअर, म्हणजे अंगठीतला एकच मोठा हिरा, घ्यायचा आणि तो ऑनलाइनच घ्यायचा, एवढं घरात ठरलं होतं. फोर सी (कॅरेट, कट, कलर, क्लॅरिटी) म्हणजे काय, जी आणि एच या रंगाच्या प्रतींत फरक किती, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोडं अडलं ते पुढे. एक तर प्रमाणित सुटा हिरा मागवायचा आणि आपल्या सराफाकडून अंगठी घडवून घ्यायची. नाहीतर एखाद्या ब्रँडच्या साइटवरून तयार अंगठीच घ्यायची. मी दोन्ही करून पाहिलं आणि शेवटी पहिल्याकडे झुकलो. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

फसवणुकीचं म्हणाल, तर लोक घाबरतात ते बनावट सर्टिफिकेटला. ते पकडणं त्यातल्या त्यात सोपं. हिऱ्यांची प्रतवारी करणाऱ्या जीआयए किंवा आयजीआय या संस्थांच्या साइटवर अहवालाचा नंबर टाकला की सगळा तपशील समोर येतो. फक्त साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. हुबेहूब तसंच दिसणारं पान बनवायला फार अक्कल लागत नाही.

खरी गोम असते ती अस्सल कागदासोबत दुसराच खडा येण्यात. कागद नैसर्गिक हिऱ्याचा आणि पुडीत सीव्हीडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला हिरा. नुसत्या डोळ्यांना तर नाहीच, आयग्लास, म्हणजे सराफाचं भिंग, लावूनही हा फरक ओळखता येत नाही. सराफाकडचं उष्णतेवर चालणारं टेस्टर पेन सीव्हीडीला हिराच म्हणतं, कारण घटकांच्या हिशेबाने तो हिराच आहे. नुसत्या उष्णतेवर चालणारं पेन तर मोइसनाइटलाही, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच खड्यालाही, पास करतं. मग प्रश्न उरतो एकच: हा कागद याच खड्याचा कशावरून?

तयार अंगठीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. एकच पावती, एकच जबाबदार माणूस, हप्त्यांची सोय, माप चुकलं तर बदलून मिळतं आणि पुढे मोडीत काढायची झाली तर त्याचे नियम आधीच लेखी असतात. साखरपुडा तोंडावर आलेला असताना ही सोय काही थोडी नव्हे. घरच्यांचा कौलही तिकडेच होता. ‘हॉलमार्क आहे ना, मग काय बघायचंय?’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेन! पण हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षरा-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो. वरच्या खड्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

तयार दागिन्यासोबतचं सर्टिफिकेटही नीट वाचायला हवं. अनेकदा ते एका खड्याचं नसून अख्ख्या दागिन्याचं असतं. हिरे कोंदणात असतानाच तपासलेले, त्यामुळे रंग ‘जीएच’, क्लॅरिटी, म्हणजे आतल्या दोषांवरून ठरणारी प्रत, ‘व्हीएस-एसआय’ असा पट्टा दिलेला. बारीक खड्यांच्या अंगठीला ते चालून जातं. सॉलिटेअरला मला ते पुरेसं वाटत नाही. जीआयए तर बसवलेल्या हिऱ्याची प्रतवारी करतच नाही, सुटाच लागतो. म्हणजे तयार अंगठीसोबत जीआयएचा अहवाल आला, तर तो खडा सुटा असताना केलेला आणि त्यानंतर तो कुणीतरी कुठेतरी बसवलेला. मधल्या प्रवासाचा साक्षीदार एकच, हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला अहवालाचा नंबर.

माझ्यापुरता निकाल लागला तो इथेच. एका साइटवरून मागवलेली अंगठी घेऊन मी आमच्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्यांनी आयग्लास लावून ती बराच वेळ दिव्याखाली फिरवली. नंबर होता, पण त्याच्यावर प्राँग, म्हणजे खडा धरून ठेवणारी सोन्याची नखी, बसलेली. ‘जीआयए’ ही अक्षरं आणि पुढचे दोन-तीन आकडे दिसत होते, बाकीचे सोन्याखाली. सराफ म्हणाले, ‘असेलही तोच, पण मी सांगू शकणार नाही.’

कस्टमर केअरला फोन केला, तर उत्तर आलं, ‘सर, सर्टिफिकेट बॉक्समध्येच दिलेलं आहे.’ आहे हो, पण ते या खड्याचं आहे हे ताडून कसं बघू? ‘सर, त्यासाठीच सर्टिफिकेट दिलं जातं.’ दुसऱ्या ताईंनीही तेच सांगितलं, फक्त जास्त अदबीने. प्राँग उचलून बघितला तर चालेल का विचारलं, तर दागिन्याला हात लावल्यास परत घेता येणार नाही म्हणे. अंगठीत काही काळंबेरं होतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. बहुधा नसेलच. परत पाठवल्यावर पैसेही विनातक्रार आले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण एवढी रक्कम मोजून शेवटी नुसता विश्वासच ठेवायचा असेल, तर मग सर्टिफिकेटचे पैसे कशाला?

सुट्या हिऱ्याकडे वळलो, तर तिथे हीच अडचण वेगळ्या रूपात भेटली. प्रमाणित सुटा हिरा बऱ्याचदा प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात येतो. काही विक्रेत्यांची अट असते की सील फोडलं तर माल परत नाही. आणि सील न फोडता गर्डलवरचा नंबर वाचता येणं कठीण. त्यामुळे मी चौकशीचा क्रमच बदलला. भाव नंतर, आधी एकच प्रश्न ई-मेलवर: सील माझ्या सराफासमोर फोडून नंबर पाहिला आणि तो जुळला नाही किंवा खडा पसंत पडला नाही, तर परत घ्याल का? काहींनी उत्तरच दिलं नाही. मुंबईच्या एकाने लेखी होकार दिला, अट एवढीच की पार्सल उघडण्यापासून सगळं एका सलग व्हिडिओत घ्यायचं. खडा त्याच्याकडून घेतला.

सराफांनी तो कापडाने पुसला, चिमट्यात धरला आणि गर्डल समोर येईल असा आडवा करून हळूहळू फिरवला. नंबर केसाएवढा बारीक असतो. नेहमीच्या दहापट आयग्लासने तो वाचायला त्यांनाही जड गेलं, मग वीसपटीचं भिंग काढलं. एकेक आकडा ते बोलत गेले आणि मी फोनवरच्या अहवालाशी जुळवत गेलो. नंबर जुळल्यावरही थांबू नका. नैसर्गिक हिऱ्याचा अस्सल नंबर दुसऱ्याच खड्यावर कोरल्याचे प्रकार झालेले आहेत, 2021 मध्ये जीआयएने स्वतःच त्याबद्दल सावध केलं होतं. म्हणून खडा काट्यावर ठेवून वजन घ्या आणि गेजने व्यास व उंची मोजा. अहवालात मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेली असतात आणि ती सगळीच्या सगळी जुळणारा दुसरा खडा शोधणं ठगालाही सोपं नाही. एक कॅरेटच्या आतल्या हिऱ्याला बहुधा जीआयएचं डॉसियर, म्हणजे छोटा अहवाल, मिळतं. त्यात आतल्या दोषांचा नकाशा नसतो, तेव्हा मापांवरच जास्त भिस्त. त्यातूनही शंका राहिली, तर दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. सुटा खडा तिथे पुन्हा तपासायला देता येतो, आणि अंगठीत बसवलेल्याची हीच तर पंचाईत. आयजीआयने तपासलेला लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, हिरा असेल तर अहवालाचा नंबर ‘एलजी’ने सुरू होतो. फोटोत नंबरची सुरुवातच कापलेली दिसली की पूर्ण फोटो मागा.

कागदावर न येणाऱ्या गोष्टी सुट्या हिऱ्याच्या व्यापाऱ्याला विचारता येतात, हाही मला फायदाच वाटला. खड्यात तपकिरी किंवा हिरवट झाक आहे का, तो दुधाळ दिसतो का, यासाठी अहवालात वेगळा रकाना नसतो. बाजारात याला ‘बीजीएम’ (ब्राउन, ग्रीन, मिल्की) म्हणतात. व्यापाऱ्याला ‘नो बीजीएम ना?’ विचारलं की तो लगेच हो-नाही करतो. ब्रँडच्या चॅटवर हाच प्रश्न टाकल्यावर मला अंगठ्यांचा नवा कॅटलॉग आला. अहवालाखालच्या शेऱ्यात ‘क्लाउड्स नॉट शोन’ (आतले ढगाळ दोष नकाशात दाखवलेले नाहीत) असं काही दिसलं, तर खडा दुधाळ नाही ना, याची आधी खात्री करून घ्या. आणि अहवालाचा नंबर सर्चमध्ये टाकून बघाच. एकच खडा वेगवेगळ्या साइटवर वेगवेगळ्या भावाने लावलेला सापडतो आणि घासाघीस करायला तेवढं पुरतं. बाकी सगळ्यांपेक्षा फारच स्वस्त सांगून वर ‘डायरेक्ट सुरतहून, म्हणून’ असं कुणी म्हणालं, तर मी तिथून उठतो.

सुट्याचे त्रासही सांगतो. सराफाला बाहेरचा खडा बसवणं आवडत नाही. आमच्याही सराफांनी आधी आढेवेढे घेतले, मग ‘बसवताना टवका गेला तर जोखीम तुमची’ असं बजावलं आणि घडणावळ नेहमीपेक्षा थोडी जास्तच लावली. पावत्या दोन, त्यामुळे उद्या काही बिनसलं तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार. वेळही जास्त जातो. तारीख अगदी जवळ असेल किंवा विश्वासाची पेढीच नसेल, तर तयार अंगठी घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. खडा वीस-पंचवीस सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) असेल तर हा सगळा खटाटोप कदाचित परवडणारही नाही. अर्ध्या कॅरेटच्या पुढे मात्र मी सुटाच घेईन.

इन्स्टाग्रामवर हिरे दाखवून वैयक्तिक खात्यावर यूपीआयने आगाऊ रक्कम मागणारे मी या तुलनेत धरलेच नाहीत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी कोण, हे साइटवर दिसायला हवं. नसेल तर पुढे जाऊ नका. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. माल चुकीचा आला आणि विक्रेता दाद देत नसेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन.

खडा बसवायला देताना दोन गोष्टी केल्या. सराफाच्या पावतीवर वजन आणि गर्डलचा नंबर लिहून घेतला, म्हणजे कारागिराकडून परत येणारा खडाही तोच आहे का हे बघता येतं. आणि कारागिराला निरोप दिला की प्राँग कुठेही बसव, पण नंबर झाकू नकोस. त्याला यात काहीच नवल वाटलं नाही, बरीच गिऱ्हाइकं हेच सांगतात म्हणाला.